लाल बदामाचं कार्ड

आष्टीजवळच्या एका गावातल्या शाळेत मी चौथीला शिकवते. व्हॅलेंटाइन डेला मुलांकडून जुन्या लग्नपत्रिका मागवल्या, त्यांच्या लाल कागदाचे बदाम कापले आणि घडीच्या कार्डांवर चिकटवून घेतले. चिठ्ठीत ज्याचं नाव निघेल त्याला एक खरं, चांगलं वाक्य लिहून द्यायचं, पण स्वतःचं नाव घालायचं नाही, एवढाच नियम होता.

दुसऱ्या दिवशी एक मुलगी आली नाही. तिचे वडील वर्गात आले. त्यांच्या हातात चुरगळलेलं कार्ड होतं.

"हे कोण्या पोरानं दिलं तिला? शाळेत हेच शिकवून राह्यले का, मॅडम? नाव सांगा, न्हाईतर तिची शाळा बंद."

कुणाचं कार्ड ते मला माहीत होतं. ते एका मुलाचंच होतं, आणि तो पहिल्या रांगेत मान खाली घालून बसला होता.

"नाव सांगणार नाही, भाऊ. कार्डं मीच करायला लावली. आत काय लिहिलंय ते वाचलं का?"

त्यांनी ते उघडलंच नव्हतं. आता उघडून ते एकेक अक्षर जुळवत वाचू लागले, "तू तापानं आजारी होतीस तेव्हा तुझ्या जागेवर मी कुणाला बसू दिलं नाही."

त्यांनी ते पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग कार्ड सरळ करून खिशात ठेवलं आणि गेले.

तिसऱ्या दिवशी त्यांनीच तिला मोटारसायकलवर आणून सोडलं. घरी तिला मारलं होतं का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.