राणीसावरगावच्या अंगणात जीप दोन इंच उचलली, त्याची गोष्ट

पुण्यातल्या आमच्या सोसायटीत जीप जॅकवर चढवली की सेक्रेटरी लगेच खाली हजर. म्हणून ठरवलं, गाडी उंच करायचं लिफ्ट किट ताईकडे, राणीसावरगावला जाऊनच बसवायचं. अंगण मोठं, दाजींकडे ट्रॅक्टरची सगळी हत्यारं, आणि वर जानेवारीतला हुरडा! स्प्रिंगचे नवे पाटे आणि लांब शॉकअब्सॉर्बर मागे टाकले आणि पहाटे पाचला सुटलो.

नगर, बीड, परळी, गंगाखेड असा रस्ता धरला. चारशेच्या वर किलोमीटर होतात, डिझेलला पाचेक हजार धरून चला. गंगाखेडला चहा लय गोड मिळतो, कुरकुर न करता प्या. दुपारी चारला पोचलो तर ताईनं गरम भाकरी, पिठलं आणि ठेचा समोर ठेवला. आठ आणि पाच वर्षांच्या भाच्या जीपला लोंबकळल्या. "मामा, उंच झाली की पहिली चक्कर आमची!" दिला शब्द.

दुसऱ्या दिवशी सकाळीच कामाला लागलो. काळ्या मातीत जॅक रुततो, खाली जाड फळी ठेवाच. गंजलेल्या बोल्टांनी दोन तास घाम काढला. किटच्या खोक्याच्या तळाशी रबरी पाइप निघाले.

"हे कशाचे हायेत?" दाजींनी विचारलं.

"ब्रेकचे. डोंगरात उड्या मारणाऱ्यांना लागतात हो. आपल्याला काय करायचेत?"

"सोबत दिलेत म्हंजे काम असंल की."

"दाजी, मी सगळे व्हिडिओ बघितलेत!"

हे वाक्य आठवलं की अजून स्वतःच्या कानाखाली काढावीशी वाटते.

संध्याकाळी गाडी चाकांवर उतरवली. काय दिसत होती! भाच्या आधीच मागे चढून बसल्या होत्या. वाटेतला उतार उतरून गंगाखेडपर्यंत जाऊन यायचं ठरलं. किल्ली फिरवणार, तोच ताई ताट घेऊन आली.

"थांब. चाकाखाली लिंबू ठेवल्याबिगर न्हाई जायचं."

"अगं, गाडी काय नवी आहे का?"

"उंच तर नवी झाली ना?"

मी वैतागून हॉर्न वाजवला. ताई डाव्या चाकाशी वाकली आणि तशीच थांबली. "इथली माती ओली कशी? तेल पाझरायलंय बग."

उतरून पाहिलं. गाडी जॅकवर असताना चाक लोंबकळत होतं, तेव्हा ब्रेकचा जुना, आखूड पाइप ताणला गेला होता आणि टोकाशी चिरला होता. जुन्या जीपमध्ये चारही ब्रेकचं तेल एकच, एक पाइप गळला की चारही ब्रेक गेले. आत हात घालून पेडल दाबलं, ते थेट तळाला गेलं. अरे देवा! मागे दोन पोरी, आणि आम्ही त्या उताराला निघालो होतो! दाजी नुसतेच "बाप रे, बाप रे" करत होते. ताईनं पोरींना उचलून खाली घेतलं, तशा त्या रडायला लागल्या.

"काही नाही, थोडं तेल सांडलंय," मी हसून ताईला म्हणालो.

सकाळी गंगाखेडहून मिस्त्री आला. त्यानं खोक्यातले लांब पाइप बसवले, ब्रेकमधली हवा काढली आणि माझ्याकडे असं बघितलं की मी मान खाली घातली. तुम्हीही घरी किट बसवणार असाल तर चाक पूर्ण लोंबकळू द्या, स्टिअरिंग दोन्हीकडे फिरवा आणि पाइप ताणतो का ते डोळ्यांनी बघा. पोरी शाळेत असतानाच मी निघालो. त्यांना चक्कर मारून आणायची माझी हिंमत नव्हती.

पुण्यात येऊन चार दिवस झाले. गाडी झकास चालते, पण मी उगाचच सारखा ब्रेक दाबून बघतो. काल न राहवून ताईला फोन लावला.

"ताई, त्या दिवशी नुसतं तेल सांडलं नव्हतं गं. ब्रेकच गेला होता."

"मला ठाव हाय. तुझं तोंड बगितलं की मी. पोरींना अजून कुशीतून सोडवत न्हाई."

"मग बोलली का नाहीस? चार शिव्या तरी घालायच्या!"

"एकटा चारशे किलोमीटर जायचा होतास तू," ताई म्हणाली. "तुला भेदरवून कसं धाडू?"