येतानाचं वजन

माझ्या वडिलांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत, टायर राहतात. शंकरराव नरवाडे यांनी चौतीस वर्षं आर.टी.सी.च्या बसडेपोत टायर सेक्शनला काढली. बसच्या चाकावरून तळहात आडवा फिरवायचा आणि चाक तिरपं पळतंय का सरळ, ते सांगायचं, हे त्यांचं काम. लग्नात कुणी ओळख करून दिली की म्हणतात, "हौ हौ, तुमची पांढरी अल्टो ना? पुढचं डावं बदला." लहानपणी मला लाज वाटायची. आता वाटत नाही, कारण त्यांचं नेहमी बरोबर निघतं.

निवृत्त झाल्यावर त्यांनी वीस वर्षांची जुनी लान्सर घेतली. आम्ही सगळ्यांनी नको म्हटलं, म्हणून घेतलीच. गौलीगुड्याच्या आमच्या गल्लीत ती कापडाखाली झाकलेली असते. शहरात पप्पा बसनेच फिरतात. जुन्या सवयीने बसच्या टायरांची खबर घेतात. गाडी फक्त लांबच्या रस्त्याला निघते, आणि आमच्या घरात लांबचा रस्ता म्हणजे नागपूर.

ते आईमुळे. आई, चतुराबाई, शेजारच्या जामबागेतल्या एका शाळेत आया होती. पहिलीच्या पोरांमागे बसून चाळिशीत वाचायला शिकली. गेली अठ्ठावीस वर्षं विजयादशमीला तिने दीक्षाभूमी चुकवलेली नाही. तिथून सगळेच पुस्तकं आणतात, पण आई पोत्याने आणते. आमच्या नात्यात कुणाचंही लग्न असो, बारसं असो, चतुराबाईंचा आहेर पुस्तकाचाच. "आत्या, यंदा कुकर द्या ना," असं म्हणून पाहिलेल्या एका नवरीला तिने दोन पुस्तकं दिली.

मागच्या वर्षी परत येताना निर्मळ गावाच्या अलीकडे मागचं डावं टायर फुटलं. गाडी भेलकांडत रस्त्याच्या कडेला जाऊन थांबली. कुणाला खरचटलंही नाही. पप्पांनी आम्हा सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि मग टायरपाशी उकिडवे बसले ते बराच वेळ उठेनात. टायर बाहेरच्या अंगाने नवं होतं आणि आतल्या अंगाने पार गुळगुळीत.

यंदा विजयादशमीला दोन-अडीच महिने उरले, तेव्हा सुरू झाला त्यांचा शोध. चाकावर खडूच्या आडव्या रेघा ओढायच्या, गल्लीतून गाडी न्यायची आणि खडू कुठे पुसला ते बघायचं. रिकाम्या गाडीत खडू सारखा पुसायचा. आम्हाला बसवलं की थोडा आतून. डिक्कीत पुस्तकांची पोती ठेवली की आतूनच. महिनाभर शेजारीपाजारी हसले, पण पप्पांनी निकाल लावला आणि तो जेवताना ताटावर जाहीर केला.

"टायर पुस्तकांनी खाल्लं. यंदा डिक्की रिकामी येईल."

"मग मीबी येत नाही," आई म्हणाली.

"पार्सलने मागव की."

"एकदा मागवली होती. भिजून लगदा झालता. आता नक्को."

"आणि वाचतंय कोण? रवीच्या पोराला मराठी अक्षर येत नाही. सुमेधालाच विचार, शेवटचं कधी वाचलं."

सुमेधा म्हणजे मी, आणि रवी माझा भाऊ. मी इंग्रजी शाळेतली; मराठीची एक ओळ लावायला मला दोनदा बोट फिरवावं लागतं. मी मान खाली घालून भात कालवला. पप्पांचा राग आला, पण खोटं काही ते बोलले नव्हते.

त्या दिवसापासून आई त्यांच्याशी बोलेना. "सुमे, तुझ्या बापाला सांग, वाढलंय," एवढंच. पप्पा अर्ध्या जेवणावरून उठायचे. आधी मला गंमत वाटली, मग भीती वाटायला लागली. आई एकाहत्तरची आहे, गुडघे गेलेत. तिची एक विजयादशमी चुकली तर ती पुन्हा गाडीत पाऊल ठेवणार नाही, हे मला माहीत होतं आणि मला वाटतं, पप्पांनाही.

चुकलं म्हणणं पप्पांच्या रक्तात नाही. आठवड्याने ते रवीला म्हणाले, "मागचे आर्म बदलू."

आर्म म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी धरून ठेवणारा लोखंडी दांडा. त्याच्या लांबीवर चाकाचा कल ठरतो. आमच्या गाडीचे स्प्रिंग नवे टाकून झाले होते, पण आधीच्या मालकाने ती मागून कुठेतरी ठोकली होती, त्यामुळे दोन्ही बाजूंचं माप जुळत नव्हतं. मूळ मापाचा दांडा टाकून उपयोग नव्हता. मधोमध आटे असलेला, फिरवून लांब-आखूड होणारा आर्म हवा होता.

जामबागेत गौसभाईंचं चाकांच्या अलाइनमेंटचं दुकान आहे. पप्पा त्यांच्याकडे चार दिवस बसून होते. गोशामहलला एका भंगारातल्या गाडीचे आर्म मिळत होते. पप्पा म्हणाले, दुसऱ्याचं दुखणं घरी कशाला आणू. लेथवर बनवलेले, टोकाला लोखंडी गोळ्या असलेले आर्म दिसायला झकास होते. शर्यतीवाले तेच घेतात, असं गौसभाई म्हणाले. पप्पांनी त्यातला एक कानाशी नेऊन हलवला.

"दोन पावसाळ्यांत खडखडायला लागेल. आणि रबर नाही, म्हणजे प्रत्येक खड्डा मागं बसणाऱ्याच्या गुडघ्यात."

शेवटी त्यांनी दोन्ही टोकांना रबरी बुश असलेले मागवले. ते यायला तीन आठवडे लागले. नागपूरला निघायला पाच दिवस उरले होते. मागे कोण बसतं, ते मला ठाऊक होतं. ज्या बाईशी बोलणं बंद होतं, तिच्या गुडघ्यांचा हिशोब हा माणूस जामबागेत बसून करत होता.

आर्म बसले, माप घ्यायचा दिवस आला. पप्पा मला म्हणाले, "आईला सांग, मागं डावीकडं बासष्ट किलो लागते. तिच्याशिवाय माप बसत नाही."

आई आली. तोंड खिडकीकडे करून बसली, पण आली. स्टिअरिंगवर रवी, मागे आईशेजारी मी. डिक्की उघडली तर आत आईच्या कपाटातली पुस्तकं, सुतळीने बांधलेली. पप्पांनी ती सकाळी वजनकाट्यावर मोजून भरली होती, चाळीस किलो. आईने उतरून पाहिलं आणि पुन्हा आपल्या जागी बसली.

गौसभाई खाली खड्ड्यात उतरले. नट सैल करायचे, दांडा थोडा फिरवायचा, मशीनच्या पडद्यावर बघायचं. तासाभराने चारही आकडे हिरवे झाले. ते वर आले आणि हात पुसत म्हणाले, "अंकल, ये तो आने का सेट हुआ. खाली गाडी में टायर बाहर से खाएगा. बीच का रख दूँ?"

त्यांचं काही चुकत नव्हतं. जन्मभर पप्पांनीच सांगितलंय, मधलं धरा. डेपोत तेच, माझ्या कॉलेजच्या वेळी तेच, रवीच्या लग्नातही तेच. मी गृहीतच धरलं की ते मान डोलावतील.

पप्पांनी मागच्या टायरवरून एकदा हात फिरवला.

"नक्को. येतानाचं धरा. जाताना घासू दे. जाताना आम्ही रिकामेच असतो."

ज्या माणसाने आयुष्यात एक टायर वाया जाऊ दिलं नाही, तो हे म्हणत होता. रवीने आरशातून माझ्याकडे पाहिलं.

आईने काच खाली केली. "अहो," ती म्हणाली. महिन्याभरात पहिल्यांदा, सरळ त्यांना.

पप्पा वळले.

"चाळीस नाही, पन्नास धरा. मागच्या वर्षी दहा किलो माझ्या पायाखाली होती. तुम्हाला दिसू नये म्हणून वर लुगडं पसरलं होतं."

गौसभाईंना मराठी येत नाही, पण पप्पांचं तोंड बघून ते हसले. मला वाटलं, आता ज्वालामुखी फुटणार. पप्पांनी गौसभाईंना पाच बोटं दाखवली आणि म्हणाले, "पचास." गौसभाई पाना घेऊन परत खड्ड्यात उतरले.

उरलेली दहा किलो आणायला रवी दार उघडून उतरत होता. पप्पांनी त्याला बसवलं. घर काही लांब नव्हतं; आणायला ते स्वतःच निघाले. ते आईच्या खिडकीशी आले, वाकले आणि विचारलं, "कोणती आणू?"