पाय टेकला?

आईला खाडीपलीकडे ताईकडे कायमची राहायला सोडून मी लाँचने परत येत होतो. धक्क्याला लागताच खलाशाने एका म्हातारीला हात देऊन उतरवलं आणि तिचा पाय नीट टेकायच्या आत हात सोडला. ती सावरली.

आमचे आप्पाकाका याच लाँचवर होते. उतरणाऱ्या प्रत्येकाला विचारायचे, “पाय टेकला?” समोरचा “टेकला” म्हणेपर्यंत हात सोडायचे नाहीत. “आप्पा, सोडा हो, एस्टी जाईल,” म्हणून लोक वैतागायचे.

त्याआधी, महायुद्धात, ते सैनिकांना शत्रूच्या किनाऱ्याशी नेणाऱ्या जहाजावर खलाशी होते. सैनिक दोरांच्या जाळीवरून खालच्या होड्यांत उतरत, आप्पाकाका वरून होड्यांचे दोर सोडत आणि जहाज पुढची माणसं आणायला मागे फिरे. त्या जहाजाची सेवानोंद मी परवाच वाचली. जेमतेम पानभर आहे. कुठून निघालं, कुठे किती सैनिक उतरवले, भंगारात कधी गेलं. ‘उतरवले’ हा शब्द ओळीओळीला येतो. पुढे त्यांचं काय झालं, ते त्यात नाही. जहाजाचं काम तिथे संपलेलं असायचं.

आईची पिशवी ताईच्या ओट्यावर ठेवून, चहासुद्धा न घेता मी निघालो होतो. आई दारात नुसती उभी होती.

खलाशाने माझ्यापुढे हात केला.

“उतरत नाही,” मी म्हटलं. “मला परत पलीकडे जायचंय.”