साहेब पहिलीत बसले

माझी शाळा जुन्नर तालुक्यातल्या एका वस्तीवर, उसाच्या मधोमध. खोली एक, वर्ग चार आणि शिक्षक मी. पहिलीला पाटीवर गिरवायला बसवायचं, दुसरीला पाढे लावून द्यायचे आणि तिसरी-चौथीला फळ्याकडं वळवायचं, असा माझा संसार. सगळी पोरं मला दिसतात आणि मी सगळ्यांना दिसते. यात न समजण्यासारखं काय आहे?

पण शाळेचं अ‍ॅप आलं आणि त्याला ते समजेना. त्याच्या हिशेबी एका वर्गाला एक शिक्षक. मी मोबाइलवर चौथीचा तास चालू केला, की बाकीच्या वर्गांपुढं लाल अक्षरांत यायचं, 'शिक्षक अनुपस्थित'. त्यावरून मला दोन नोटिसा आल्या. खुलासा द्या म्हणे! अहो, मी शाळेत आहे याचा मी काय खुलासा देणार? रागानं दिलाच नाही. तिसरी नोटीस आली की सेवापुस्तकात शेरा बसणार होता. अंगात ताप असताना शाळा उघडली, आणि नोकरीभर मागं काय राहणार, तर बाई शाळेत नसतात. जीव नुसता जळायचा.

नोटिशीवर सही आमच्या केंद्रप्रमुखांची, म्हणजे आसपासच्या शाळा बघणाऱ्या साहेबांची. माणूस वाईट नाही. बोरीकडचे, शेतकऱ्याच्या घरातले, पूर्वीचे हाडाचे मास्तर. पण वरून आलेलं अ‍ॅप चुकेल, हे काही त्यांना पटत नव्हतं.

अशात ओझरच्या एका हॉलमध्ये बैठक लागली. अ‍ॅप नव्यानं करणार होते आणि त्यात काय हवं ते शिक्षकांनाच विचारायला पुण्याहून एक मुलगी येणार होती. म्हटलं, चला, देव पावला. पण साहेबांनी दारातच सगळ्यांना बजावलं, की पाहुण्यांपुढं रडगाणी नकोत, केंद्राची अब्रू जाते.

झालं! मुलगी बिचारी लॅपटॉप उघडून एकेकाला अडचण विचारत होती आणि एकेक जण अ‍ॅपचं कौतुक करत होता. चहाच्या टपरीवर याच अ‍ॅपला रोज शिव्या घालणारे एक गुरुजी आहेत. त्यांनी तर ते लई सोयीचं असल्याचं सांगितलं. मेल्यांना लाजसुद्धा वाटली नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खायचा आणि वर म्हणायचं, मालिश छान झालं.

माझी पाळी आली. साहेब माझ्याकडंच बघत होते. बोलावं तर साहेबांचा राग, न बोलावं तर शेरा. मी म्हटलं, मला बोलून सांगता येत नाही, पाठच घेऊन दाखवते.

आता आमच्या जमातीला एक रोग आहे. प्रशिक्षणं करून करून तो जडलाय. कुणी पाठ घ्यायला उभं राहिलं, की समोरचे शिक्षक आपोआप पोरं होतात. मी चार रांगांचे चार वर्ग केले आणि मनाचा हिय्या करून साहेबांना पहिलीत बसायला सांगितलं. ते पटकन मांडी घालून बसले आणि शेजारच्या गुरुजींच्या कानात पेन घातला. थोड्या वेळानं करंगळी वर केली. मी म्हटलं, आत्ताच जाऊन आलास ना, बस खाली. तर बसले की हो!

मुलीनं माझा मोबाइल मोठ्या पडद्याला जोडला. मी चौथीचा तास चालू केला. फळ्यावर भागाकार मांडला, दुसरीचे पाढे ऐकले, मग साहेबांच्या कागदावर 'ग' काढून दिला आणि त्यावर गिरव म्हटलं. ते जीभ बाहेर काढून गिरवत होते. मधेच त्यांची मान वर गेली. पडद्यावरची लाल ओळ त्यांनी पहिलीतल्या पोरासारखी बोट फिरवत वाचली, आणि तक्रार केल्यासारखं मला म्हणाले,

"बाई, ते खोटं बोलतंय. तुमी तर हितंच हाय की."

साहेबांचं बोट तसंच हवेत राहिलं. मुलगी मात्र खाली मान घालून भराभर टाइप करत होती.

मग टपरीवाल्या गुरुजींनी तिसरीतून हात वर केला आणि त्यांच्या शाळेतही असंच होतं म्हणाले. त्यानंतर कुणी आवरेना. एकानं तर पोरांच्या गैरहजेरीच्या कारणांत 'बिबट्या' हवा म्हणून हट्टच धरला. उसात बिबट्या दिसला की वस्तीवरचं पोर येत नाही, आणि अ‍ॅपात तसं कारण नाही, म्हणून त्यानं अख्खी शाळा आजारी दाखवली होती. साहेबांनी कुणालाच अडवलं नाही.

निघताना चप्पल घालता घालता त्यांनी मला थांबवलं. दोन नोटिसांचा खुलासा अजून आला नाही, म्हणाले. मी कसंबसं विचारलं, काय लिहू?

ते चपलेकडंच बघत होते.

"लिहा, पहिलीतल्या पोराला बाई दिसल्या. खाली सही मी करतो."