सुतकातला बँड

हौसानं मला शेवटचं विचारलं ते असं, "शाळेत पाठीची खुर्ची असती का वो?" बाई दवाखान्यातल्या खाटेवर, नाकात नळी, आणि चौकशी कसली तर खुर्चीची. आमची नात तन्वी बारावीला. तिच्या शाळेच्या बँडचा कार्यक्रम आठवड्यावर आला होता आणि शाळा सुटणार म्हणून तिचं ते शेवटचंच वाजवणं. हौसाला तिथं जायचं होतं. पण पाठीला टेकू नसला की तिला बसवत नव्हतं. मी म्हणालो, "नसली तर इथली उचलून नेऊ." ती हसली... दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यातनं मुलाचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. अर्धी झाली होती. तसाच गेलो.

मी चौथी शिकलेला माणूस, जन्म कराडला गॅरेजात गेला. मुलगा हवाई दलात. त्याची बदली चंदीगडला झाली आणि हौसाच्या आजारपणासाठी त्यानं आम्हाला दोन वर्षांमागं इकडं आणलं. दिल्लीहून बसनं त्रेचाळीस सेक्टरच्या स्टँडवर उतरलो तर ही म्हणते, "वस्तीला नाव न्हाई, नुसतं आकडंच की!" हिला हिंदी येत नव्हतं. तन्वीला मराठी कळतं, पण ती उत्तर हिंदीत देते. तरी त्या दोघींचं तासन्‌तास चालायचं. काय बोलायच्या, कसं बोलायच्या, मला आजही सांगता यायचं नाही.

तन्वीचं वाद्य म्हणजे मांडीवर घ्यायचं पितळेचं धूड, तोंड परातीएवढं. शाळेचं होतं, शनिवारी घरी आणायची. पहिल्याच शनिवारी पोर दुपारी झोपली आणि हौसानं ते चिंच-मीठ लावून देवाच्या तांब्यासारखं घासून काढलं. त्याच्यावर कसलासा मुलामा असतो म्हणे, तो एका अंगानं निघून गेला. सोमवारी बँडमास्तर सरदारजी दारात. "माताजी, ये क्या कर दिया जी?" हौसा म्हणाली, "काळं पडलेलं. तुमच्यात घासत न्हाईत व्हय?" मी ते हिंदीत सांगितलं तर सरदारजी हसून हसून खुर्चीत बसले, चहा पिऊन गेले. पण मुलामा गेला तिथं दर आठवड्याला काळं यायला लागलं. मग दर शनिवारी घासणं आलं. हौसाचं घासून होईपर्यंत पोर थांबायची, मग तिच्या खाटेशी बसून वाजवायची. पों... पों... मग बराच वेळ नुसती गप्प, मग पुन्हा पों. तेवढ्यात मी टीव्ही लावला की हौसा बंद करायला लावायची आणि पुढच्या पोंसाठी कान देऊन थांबायची. बँड सगळा मिळून कसा वाजतो ते मात्र आम्ही दोघांनीही कधी ऐकलं नव्हतं. गेल्या वर्षी कार्यक्रम होता तेव्हा आम्ही दवाखान्यात होतो.

आता अडचण सांगतो. हौसा सुतकाची फार कडक. लांबच्या भाऊबंदातला कुणी म्हातारा गेला तरी आमच्या घरातला रेडिओ बंद. शेजारच्या लग्नाची वाजंत्री आली तर ही खिडक्या लावून घ्यायची. आणि तीच हौसा खुर्ची विचारून गेली. मग तिच्याच सुतकात पोरीनं वाजवायचं की नाही?

माझी थोरली बहीण, आक्का, गावाहून आली होती. ती म्हणाली, "घरातनं मढं उचलून आठवडा न्हाई आणि पोरगी बाजा वाजवाय चालली? लोक तोंडात शेण घालतील." मी म्हणालो, "इथं शेण मिळत नाही." म्हणालो खरा, पण मला तरी कुठं कळत होतं? सरदारजी भेटायला आले. म्हणाले, "बाबूजी, बच्ची का आख़िरी है. पर ज़ोर कोई नहीं." मुलगा डोकं भादरून खाली बघत बसलेला. सून माझ्याकडं बघत होती. तन्वी म्हणाली, "आजोबा, आप बोलो." आमच्या घरात असलं काही ठरवायचं असलं की हौसा ठरवायची. मी फक्त पिशवी उचलायचो. आज सगळे माझ्याकडं बघत होते आणि मला हौसाला विचारायचं होतं... मी म्हणालो, "जा. मीबी येतो."

शाळेत पाठीच्या खुर्च्या होत्या. कडेच्या खुर्चीवर बसलो, कुणाला शिवायला नको म्हणून. बँड सुरू झाला. चाल चांगली होती, मान हलावी अशी. मी तन्वीकडं बघत होतो. वाद्य तोंडाला होतं, बोटं बटणांवर पडत होती. पण घरी वाजवताना तिचे गाल फुगतात, गळ्याची शीर वर येते, कानाच्या पाळ्या लाल होतात. त्यातलं काही दिसेना. सरदारजींनीही एकदा तिच्याकडं बघितलं आणि हात तसाच चालू ठेवला. टाळ्या झाल्या. पोरं एकमेकांना मिठ्या मारून रडली. ही वाद्य धरून उभी.

रिक्षात विचारलं, "वाजवलं न्हाईस ना?"

ती म्हणाली, "नहीं."

"सुतक पाळलंस?"

"पता नहीं, आजोबा. फूँक ही नहीं निकली."

आक्काला सांगितलं तर तिला बरं वाटलं. मला बरं वाटलं की वाईट, ते अजून ठरत नाही. वाजवायला मी पाठवलं आणि ती न वाजवता आली. मग हौसाचं कोणतं म्हणणं राहिलं?

तेराव्यानंतर गोडाचं जेवण झालं. संध्याकाळी तन्वीनं ते धूड घरी आणलं, दुसऱ्या दिवशी शाळेला परत द्यायचं होतं. हौसाच्या खाटेशी बसली आणि आपला सगळा भाग वाजवला. गाल फुगवून. आक्का दारात उभी राहून म्हणाली, "एवढंच व्हय? ह्यात गाणं कुठाय गं?"

"गाना तो बाकी लोग बजाते हैं."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. हौसानं दोन वर्षं एवढंच ऐकलं. आणि मी शाळेत बाकीच्यांचं सगळं ऐकून आलो, त्यात हे नव्हतं. मी तन्वीला म्हणालो, "परत वाजव." आणि शाळेतली ती चाल आठवेल तशी गुणगुणायला लागलो. माझा आवाज म्हणजे गंजलेली बिजागरी. थोडं जुळलं. मग ती मध्येच गप्प झाली, मी तसाच पुढं निघून गेलो आणि सगळं बिघडलं. पुन्हा केलं, पुन्हा तिथंच बिघडलं.

तन्वीनं वाद्य तोंडापासून काढलं. म्हणाली, "आजोबा, आजी इथं थांबायची."

मी थांबलो.