तीन गाठींचा मसाला

दुकानाची पाटी रंगवून झाली की लछूदादा हातातला ओला ब्रश तसाच घेऊन रस्ता ओलांडायचे आणि ज्याला वाचता येत नाही अशा माणसाची वाट बघत उभे राहायचे. एखादी भाजीवाली, एखादा हमाल, कुणीही. "बोलो, कशाचं दुकान आहे?" पाटीवरच्या चित्रावरून उत्तर बरोबर आलं की पाटी पास. चुकलं की शिडी पुन्हा भिंतीला. मालक कपाळाला हात लावायचा आणि दादा म्हणायचे, "वाचणाऱ्याला काय विचारायचं, साईं? तो तर वाचणारच!"

उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये पाट्या रंगवायची त्यांची छोटीशी रंगशाळा होती. दादा सिंधी. एकाच पाटीवर ते सिंधी अक्षरं उजवीकडून काढत आणायचे, मराठी डावीकडून, आणि दोन्ही बरोबर मध्यावर भेटायची. "दोघं समोरासमोर आले पाहिजेत, बेटा. पाठ कुणाची नको." दादा गेले त्याला दोन वर्षं झाली, पण त्यांच्या हातच्या पाट्या कॅम्पात अजून शाबूत आहेत आणि फ्लेक्सच्या जंगलात त्या लांबूनही ओळखू येतात.

मी बदलापूरची. मुंबईतल्या जाहिरात कंपनीतली डिझायनरची नोकरी साहेबाशी भांडून सोडली आणि दादांच्या रंगशाळेत लॅपटॉपपुरतं टेबल मांडलं. घरी आईने अबोला धरला होता. अशात माझ्या नावावरचं पहिलं काम आलं. अंबरनाथजवळच्या गावातल्या आगरी बायकांच्या बचत गटाला मसाल्यासाठी पाकिटं हवी होती. तीन आठवड्यांनी बदलापूरला मेळावा होता, तिथे त्या पहिल्यांदाच आपला माल मांडणार होत्या. हे काम फसलं असतं तर मला त्याच साहेबापुढे जाऊन उभं राहावं लागलं असतं. मरण पत्करलं असतं, पण ते नको!

आपल्या भागाचा वारसा म्हटल्यावर मला दुसरं सुचणार काय? अंबरनाथचं शिवमंदिर! दादा चार दिवस तिथे मांडी घालून बसले आणि कोरीवकामाची नक्षी त्यांनी हाताने उतरवून आणली. अशी देखणी रेघ मी जन्मात पाहिली नव्हती. मी तर छापखान्यात फोन लावायला निघाले.

"आधी त्यांना दाखव," दादा म्हणाले.

"दादा, वेळ नाहीये! आणि त्यांना डिझाइनमधलं काय कळणार?"

दादांनी नमुन्याचं पाकीट पिशवीत टाकलं आणि ते दारात जाऊन उभे राहिले. मीही चपला घातल्या.

गटाच्या प्रमुख बेबीमावशी. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई, पण शब्द असा की सगळा गट मान डोलवेल. त्यांनी नमुन्याचं पाकीट उलटसुलट केलं आणि जरा लांबच ठेवलं.

"सुंदर हाय गो बाय. पन ह्यो शंकराचा देऊल ना? आन् यान तू मटनाचा मसाला भरनार?" मग हळूच म्हणाल्या, "पाकीट फारल्यावर लोक टाकतील कुठं? कचऱ्यान."

माझे कान तापले. नक्षी फक्त शोभेची आहे, देव कुठे काढलाय, असं काहीबाही मी बोलायला लागले. दादांनी मला हाताने थांबवलं आणि हात जोडले. "गलती हो गई, ताई. ती रेघ माझी आहे." चार दिवसांची मेहनत त्यांनी घडी करून पिशवीत टाकली. चेहऱ्यावर एक आठी नाही. मला मात्र रडू आलं.

"आता तुम्ही सांगा," ते म्हणाले. "तुम्हाला वाचता येत नाही. मग कुठला मसाला कुठल्या बरणीत, कसं ओळखता?"

बेबीमावशी हसल्या, आत गेल्या आणि तीन बरण्या घेऊन आल्या. प्रत्येकीच्या गळ्याला सुती दोरा. एक गाठ कालवणाला, दोन गाठी मासळीला, तीन गाठी मटणाला. "सासूला दिसत नाय ना. ती हातानंच बघते. तिच्या सासूचीबी हीच रीत व्हती."

दादा माझ्याकडे वळले. डोळे लहान मुलासारखे चमकत होते. "हा घे तुझा वारसा! देवळापर्यंत जायची गरजच नव्हती."

मग आम्ही कामाला जुंपलो. पाकिटावर बाकी काही नाही, फक्त दोरा आणि गाठी; आणि गाठी उठावाच्या, बोटाला लागतील अशा. छापखानेवाल्याने कुरकुर केली तेव्हा दादा त्याच्या दारात स्टूल टाकून बसले. उठाव मनासारखा येईपर्यंत हलले नाहीत.

मेळाव्यात आमच्या टेबलाशी एक शहरी बाई थांबली. तिने पाकिटावरून बोट फिरवलं. "किती छान कल्पना! डिझाइन कुणी केलंय?"

मी पदर सावरून पुढे झाले. माझं पहिलं काम, माझं नाव! पण तोंड उघडायच्या आत बेबीमावशी ठसक्यात म्हणाल्या, "आमचाच हाय. आमच्या घरानला."

माझा चेहरा पडला. दादांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"बेटा, चाळीस वर्षं पाट्या रंगवल्या. माझ्या कामाला कुणी असं 'आमचं' म्हटलं नाही. तुझ्या पहिल्याच कामाला म्हटलं."

मी मागे सरले आणि बेबीमावशींना पाकिटं काढून द्यायला लागले.