मध्ये न बोलण्याची पाच मिनिटं

"विचार करायला शिकवतात? आणि वर त्याची डिग्री देतात?" नवऱ्याने विचारलं होतं. "यार, मग इतकी वर्षं तू काय करत होतीस?"

इतकी वर्षं मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करत होते, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका काढत होते, आणि ते माझ्या स्वभावाला फार मानवलं होतं. मग दोन हजार एकच्या मंदीत कंपनीने आमच्या अख्ख्या टीमला एका दुपारी घरी पाठवलं. काही वर्षं इकडेतिकडे किरकोळ कामं केली आणि शेवटी शिकागोतल्या एका विद्यापीठात संध्याकाळच्या मास्टर्सला नाव घातलं. विषय होता चिकित्सक आणि सर्जनशील विचार. शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या आमच्या मराठी मंडळींत ही बातमी पोचली तेव्हा एका काकूंनी मला बाजूला घेऊन काळजीने विचारलं, "बाकी सगळं ठीक आहे ना गं?"

तिथे माझ्याबरोबर शिकणारे लोक दिवसभर नोकरी करून येणारे होते. शाळेतले शिक्षक, नर्सेस, एक निवृत्त अग्निशामक. आम्ही गोल बसायचो. पहिल्या महिन्यात एका बाईंनी परीक्षा असाव्यात की नसाव्यात यावर फार ठासून मत मांडलं. पुढच्या आठवड्यात त्या आल्या, कोट काढला, खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मी आठवडाभर विचार केला. मागच्या वेळी माझं चुकलं होतं." मी वाट बघत राहिले की आता कोणीतरी म्हणेल, मी सांगत होते ना. कोणीही म्हणालं नाही. एकाने फक्त विचारलं, "कशामुळे बदललं?" नागपूरच्या आमच्या घरात रोज रात्रीच्या जेवणाला वाद असायचा. बाबा आणि मी. क्रिकेट, निवडणुका, वरणात गूळ घालावा की नाही, विषय कोणताही चालायचा. ज्याचा आवाज शेवटी वर राहील तो जिंकला. आई वाढता वाढता "पुरे आता" म्हणायची आणि आम्ही दोघंही तिचं ऐकायचो नाही. चूक कबूल केलेली मी त्या घरात एकदाही ऐकलेली नव्हती.

फी माफ व्हावी म्हणून मी विभागाचं एक काम पत्करलं होतं. "बातम्या आणि कार्यक्रम" नावाचं पत्रक दर महिन्याला ईमेलने काढायचं. त्याची संपादक, वार्ताहर आणि शिपाई मीच. बातम्या तरी कसल्या! एका माजी विद्यार्थिनीने तिसरीच्या मुलांना न भांडता असहमत व्हायला शिकवलं. शनिवारी तळ्याकाठी फिरायला जायचं आहे, त्यात बोलताना फक्त प्रश्न विचारायचे. एका विद्यार्थ्याने प्रबंधाचा विषय पुन्हा बदलला आणि तो आता आनंदात आहे. ही शेवटची बातमी वाचून मी विभागप्रमुख बाईंना विचारलं होतं की हे छापायचं का. त्या म्हणाल्या, "एका मोठ्या माणसाने विचार बदलला. छापायला नको?" मी छापलं. घरी नवरा ती ओळ मोठ्याने वाचून दोन दिवस हसत होता, पण मला हसू येईना. एवढ्याशा गोष्टींना बातमी मानणारी माणसं मी याआधी बघितली नव्हती.

माझ्या तिथल्या दुसऱ्या वर्षी आई गेली. अचानक, एका सकाळी. मी नागपूरला पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. ओसरीवर सतरंजी अंथरलेली होती आणि माणसं चहा पीत होती. बाबांनी मला बघितलं आणि "जेवलीस का?" एवढंच विचारलं.

त्यानंतर त्यांचा वादच संपला. फोनवर मी मुद्दाम काहीतरी वाकडं बोलायचे, तर ते "असेल" म्हणायचे. मी त्यांना व्हिजिटर व्हिसावर नेपरव्हिलला आणलं. मी नुकतीच अमेरिकन नागरिक झाले होते, तेव्हा त्यांच्या ग्रीन कार्डसाठी अर्ज करता येणार होता. नागपूरच्या घराला शेजारचंच गिऱ्हाईक होतं. मी सगळं जुळवत आणलं. बाबांना विचारलं, "राहाल ना इथेच?" ते म्हणाले, "तू म्हणशील तसं." त्यांना डेव्हन ॲव्हेन्यूच्या देशी बाजारात नेलं. तोंडली, गवार, ज्वारीचं पीठ, अगदी सांडगी मिरचीसुद्धा दाखवली. "बघा बाबा, इथे सगळं मिळतं." ते म्हणाले, "हो, मिळतं खरं," आणि काहीच न घेता गाडीत येऊन बसले. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. तू म्हणशील तसं. मी ते हो म्हणून धरलं. आपल्याकडे सगळेच धरतात.

वकिलाची वेळ शुक्रवारी दुपारची ठरली. त्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्या विभागाचा खुला कार्यक्रम होता. ज्यांना हा कोर्स करावासा वाटतो त्यांनी यायचं, बसायचं, एखादा तास अनुभवायचा. पत्रकात मीच ठळक अक्षरांत घातला होता. नवरा कामासाठी बाहेरगावी, मुलगी मैत्रिणीकडे. बाबांना एकटं ठेवायला मन होईना, म्हणून त्यांना बरोबर घेतलं. ट्रेनमध्ये ते खिडकीबाहेर बघत बसले. वर्गात शिरल्यावर त्यांनी टेबलावरची घंटा उचलून बघितली. "ही तर देवघरातली. इथे काय करून राहिली?" वेळ संपल्याची खूण म्हणून बाईंना घंटा हवी होती आणि आमच्या देवघरात दोन होत्या. घंटा वाजवायचं काम माझं होतं. ते मी इतकं कडक करायचे की वर्गातली मंडळी मला घाबरून असायची.

त्या दिवशीचा प्रयोग साधा होता. जोड्या करायच्या. एकाने पाच मिनिटं बोलायचं, जे मनात असेल ते. दुसऱ्याने फक्त ऐकायचं. सल्ला द्यायचा नाही, "माझंही असंच झालं होतं" म्हणायचं नाही. पाच मिनिटं झाली की ऐकणाऱ्याने आपण काय ऐकलं तेवढंच परत सांगायचं. आणि तिथे बोललेलं तिथेच ठेवायचं, बाहेर न्यायचं नाही. जोड्या झाल्या तेव्हा एक माणूस उरला. हायस्कुलात गणित शिकवणारा, दारातून वाकून आत आलेला दाढीवाला. बाईंची नजर कोपऱ्यात बसलेल्या बाबांकडे गेली.

"तुम्ही बसाल का यांच्याबरोबर? हव्या त्या भाषेत बोला."

"मला आवडेल," दाढीवाला लगेच म्हणाला.

"बाबा, नको असेल तर राहू द्या," मी घाईने म्हटलं.

"बसतो ना," ते म्हणाले आणि खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले.

मला वाटलं, दोन वाक्यं बोलतील आणि गप्प होतील. मी घड्याळ लावलं आणि जोड्यांमधून फिरायला लागले. सगळीकडे इंग्रजी चालू होतं, आणि इंग्रजीकडे दुर्लक्ष करायला मी इतक्या वर्षांत शिकले होते. पण तेवढ्या आवाजांत एकच आवाज मराठी असला तर कान काय करणार? तो माझ्यापर्यंत सरळ येत होता.

बाबा कॅरमबद्दल बोलत होते. संध्याकाळी वाचनालयाच्या व्हरांड्यात चौघं मित्र खेळायचे. आता चौथा गडी नाही म्हणून तिघं बोर्ड मांडून नुसते बसतात, असं एकाने कळवलं होतं. बोलताना त्यांचे हात चालू होते. मग आवाज खाली आला. "ही ज्या घरातून गेली, ते घर मला इतक्यात सोडवत नाही. सकाळी उठलो की तिच्याशी थोडं बोलतो. इथे तिला काहीच माहीत नाही, इथे मी तिला काय दाखवू? पण पोरीला नाही कसं म्हणू? तिला आई बघायलाही मिळाली नाही. म्हणून आता मला डोळ्यांसमोरून हलू देत नाही. उद्या वकिलाकडे जायचंय. ती म्हणेल तसं करीन मी. तिला एवढं तरी मिळू दे."

मला आधी राग आला. महिनोन्महिने मी विचारतेय, आणि हा माणूस सांगतो कोणाला, तर एका परक्याला, ज्याला त्यातलं अक्षर कळत नाही! आणि मग रागाच्या पाठोपाठ जे आलं त्याने माझे पायच थांबले. मी त्यांची सोय करते आहे असं समजत होते. ते माझी करत होते. स्वतःचं घर, स्वतःची माणसं, मरेपर्यंतची प्रत्येक संध्याकाळ, सगळं मला देऊन टाकायला निघाले होते, आणि तेही मला कळू न देता. एवढं मोठं काही माझ्या इतक्या जवळ बसलेलं असेल याची मला कल्पना नव्हती.

पाच मिनिटं झाली. घंटा माझ्या हातात होती. मी ती वाजवली नाही. बाकीच्या जोड्यांचं बोलणं संपत आलं, एकेक जण माझ्याकडे बघायला लागला. बाईंनीही बघितलं. मग त्यांनी बाबांकडे बघितलं आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. हळूहळू खोलीत फक्त मराठी उरली. कोणाला काही कळत नव्हतं आणि कोणीही हलत नव्हतं. बाबा आपणहून थांबले तेव्हा मी घंटा वाजवली.

आता दाढीवाल्याने सांगायचं होतं. त्याने टेबलावर पूड भुरभुरल्यासारखं केलं, ती तळहाताने सगळीकडे पसरली, एक डोळा बारीक केला आणि बोटाने टिचकी मारली. अगदी बाबांनी केलं असेल तसं. "इथे तुम्ही आनंदात होता," तो म्हणाला. "मग तुम्ही कोणाबद्दल तरी बोललात, आणि हात मांडीवर ठेवलेत. शेवटी तुम्ही दुसऱ्या कोणाबद्दल बोललात. तेव्हा मात्र तुम्ही आधी मागे वळून बघितलंत, कोणी जवळ आहे का ते. एवढंच ऐकलं मी."

बाबा मोठ्याने हसले. आई गेल्यापासून ते हसताना मी पहिल्यांदाच बघत होते. "अरे, बरोबर आहे बे!" असं त्याला चक्क मराठीत म्हणाले आणि त्याचा हात दोन्ही हातांत धरला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्या दोघांकडे बघवेना आणि नजर काढवेना.

परतीच्या ट्रेनमध्ये मी गप्प होते. आमच्या घरात कानावर पडलेलं पोटात ठेवायची पद्धत नाही, पण तिथे बोललेलं तिथेच ठेवायचं होतं. "बाबा, मी सगळं ऐकलं" असं म्हटलं असतं, तर त्यांनी क्षणात ते फिरवलं असतं, "छे छे, तसं काही नाही" म्हणून. आणि मग पुन्हा कधीच कोणाला सांगितलं नसतं.

शुक्रवारी सकाळी चहा झाल्यावर मी विचारलं, "कालचं ते आपण दोघांनी करू या का? मी मध्ये बोलणार नाही."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "तू? मध्ये बोलणार नाहीस?" मग मनगटावरचं घड्याळ सोडून टेबलावर ठेवलं. "आधी तू बोल."

हे माझ्या डोक्यातच नव्हतं. मला त्यांचं ऐकायचं होतं. मी विमानातल्या प्रवासाचं काहीतरी सांगायला लागले, आणि तोंडातून भलतंच निघालं. "तुम्ही थांबला का नाहीत? मी निघाले होते. फोन करून सांगितलं होतं निघाले म्हणून. एक दिवस ठेवता आलं नसतं? मला फक्त तिचा चेहरा बघायचा होता. तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंत आणि मला विचारलंसुद्धा नाही." हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलेलं नव्हतं. मी रडत होते आणि ओरडत होते. एरवी बाबांनी तिथल्या तिथे दहा कारणं दिली असती. ऊन होतं, गुरुजी घाई करत होते, मोठे काका म्हणाले होते. ती कारणं खरी होती आणि मला पाठ होती. त्यांचे ओठ दोनदा हलले. पण ते बोलले नाहीत. पूर्ण वेळ त्यांनी माझ्या तोंडावरून नजर हलवली नाही.

माझं बोलून संपलं तेव्हा ते हळू म्हणाले, "तू येत होतीस. आम्ही तुझ्यासाठी थांबायला हवं होतं."

एवढंच. वर काहीही जोडलं नाही. दीड वर्ष छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं. मी ओढणीने नाक पुसलं. बाबांनी घड्याळ माझ्याकडे सरकवलं. आता त्यांची पाळी होती.

त्यांना पाच मिनिटं लागलीच नाहीत. "मला घरी जायचंय, बेटा," ते म्हणाले. "जाऊ?"

"तुम्हाला घरी जायचंय," मी नियमाप्रमाणे परत म्हटलं, आणि ऐकताना ते आणखी खरं झालं. ते उत्तराची वाट बघत होते, सत्तरी ओलांडलेला माणूस, लेकीकडे परवानगी मागत. आपल्याकडे निघणाऱ्याला जा म्हणत नाहीत. या म्हणतात, जाऊन या म्हणतात, लवकर या म्हणतात. तो प्रत्येक शब्द माझ्या ओठांशी आला, कारण प्रत्येकात त्यांना परत बोलावणं होतं.

"जा, बाबा," मी म्हटलं.